रोलंड विटकॉमची शंभर टक्के पेस्टी

व्हील ग्रेसमध्ये एखादा माणूस खरोखर गावचा झाला की नाही, हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. गाजरावरून त्याच्याशी बोलणं टाकलेला निदान एक माणूस गावात असावा लागतो.

गाजर म्हणजे पेस्टीतलं गाजर. पेस्टी ही करंजीची आडदांड बहीण. मैद्याच्या जाड पोळीत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरायचं, कडेला दोरीसारखी मुरड घालायची आणि भट्टीत भाजायची. इथवर कुणाचं भांडण नाही. पण आत गाजर घालावं की घालू नये, यावरून गावात उभी फूट आहे. तांब्याच्या खाणी बंद पडून जमाना झाला, खाणकामगारांच्या घरांत आता सुट्टीला येणारे शहरी लोक उतरतात, पण गाजराचा तंटा जिथल्या तिथे आहे. सख्खे भाऊ नाताळचं जेवण वेगवेगळ्या घरी जेवतात ते त्यामुळेच.

रोलंड विटकॉम नोकरीतून निवृत्त होऊन अ‍ॅडलेडहून इथे राहायला आला, त्याला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्याच्याशी एकानेही बोलणं टाकलं नव्हतं. उलट सगळे त्याच्याशी फार चांगले वागत. भेटले की हवापाण्याची चौकशी करत, त्याच्या गुलाबांना चांगलं म्हणत आणि विषय गाजराकडे वळला की, "जाऊ दे, तुला काय त्याचं," असं म्हणून त्याला अलगद बाजूला काढत. रोलंडच्या मनाला हे लागलं होतं. त्याला गावचं व्हायचं होतं. लॉन बोल्स म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायचा खेळ; गावच्या लॉन बोल्स क्लबच्या दिवाणखान्यात काळ्या लाकडाचा मानाचा फलक आहे. त्यावर आजवरच्या अध्यक्षांपासून चहाचं भांडं सांभाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. रोलंड दर शुक्रवारी हातात बिअरचा ग्लास घेऊन त्या फलकासमोर उभा राहायचा आणि खालच्या रिकाम्या जागेकडे बघायचा.

त्याची अख्खी नोकरी राज्याच्या पाणीखात्यात, खरेदी विभागात गेली होती. पाइप, मीटर, झडपा, आणि एकदा वरिष्ठांच्या सहीने आलेल्या चारशे छत्र्या, एवढं सगळं त्याने देशासाठी विकत घेतलं. त्याच्या वार्षिक अहवालात साहेब दरवर्षी एकच शब्द लिहीत: समाधानकारक. खात्याने त्याला एकदा दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथे पुरवठादार निवडण्याची एक गणिती पद्धत शिकवली, तिचं नाव कार्यक्षमता विश्लेषण. रोलंड भारावून परत आला. खात्याने ती पद्धत कधीच वापरली नाही, कारण पुरवठादार कोण हे खात्यात आधीच ठरलेलं असे. पण शिबिराचं बाड रोलंडने जपून ठेवलं होतं. माणसाला आयुष्यात एकदा तरी आपल्या ज्ञानाचं चीज व्हावंसं वाटतं, आणि असं वाटणाऱ्या माणसापासून गावाने सावध राहायला हवं.

ऑगस्टमध्ये क्लबची पेस्टी-मोहीम असते. सभासद घरोघर फिरून पेस्ट्यांची मागणी नोंदवतात, ठरलेल्या शनिवारी त्या घरपोच देतात, आणि त्या कमाईवर वर्षभर हिरवळ हिरवी राहते. पेस्ट्या कुणाकडून घ्यायच्या हा प्रश्नच नव्हता. जॅगो ट्रेम्बाथची बेकरी होती. जुलैच्या सभेत अध्यक्ष रॉडाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "पेस्ट्या ट्रेम्बाथकडून. कुणाची हरकत नसेल तर पुढचा विषय, पुरुषांच्या शौचालयाची कडी."

"माझी हरकत आहे," रोलंड उठून म्हणाला.

झोपलेले सभासद जागे झाले.

"ट्रेम्बाथला हरकत नाही," तो घाईने म्हणाला. "पद्धतीला आहे. पुरवठादार निवडायची आपल्याकडे पद्धतच नाही."

"आहे की," त्याचा शेजारी मर्व्ह पोल्किंगहॉर्न म्हणाला. "आपण ट्रेम्बाथला फोन करतो."

रोलंडने मग ती पद्धत समजावून सांगितली. यात परीक्षक गुण देत नाही, तर प्रत्येक पुरवठादाराला विचारतो की बाबा रे, तुझं चांगलं काय? स्वस्त देतोस? मग भावाला जास्त वजन देऊन तुला मोजतो. वेळेवर देतोस? मग वेळेला वजन देतो. असं प्रत्येकाला त्याच्या सोयीने मोजूनही जो दुसऱ्या कुणाच्या तुलनेत कमी भरेल, तो खरोखरच कमी. याहून न्याय्य पद्धत जगात नाही. रॉडाबाईंनी चाळीस वर्षं शाळा चालवली होती. वर्गात कुणी उत्साहाने हात वर केला की त्याला काहीतरी काम देऊन टाकायचं, ही त्यांची जुनी सवय.

"ठीक आहे रोलंड, तू बघ. कडीचं कोण बघतंय?"

दुसऱ्याच दिवशी रोलंड कामाला लागला. त्याने पाच पुरवठादार काढले: ट्रेम्बाथ, शेजारच्या गावातली लिएन हुइन्हबाईंची बेकरी, चर्चच्या महिला मंडळाच्या ऑलिव्हबाई, शहरातला एक कारखाना आणि पेट्रोलपंप. पेट्रोलपंपावर काचेच्या पेटीत दिव्याखाली पेस्ट्या ठेवलेल्या असतात. तिथली पेस्टी गावातला माणूस स्वतःहून कधी खात नाही, पण न्याय म्हटला की सगळ्यांना आला.

बायकोचा, हेझलचा, वजनकाटा, स्वयंपाकाचा तापमापक आणि फूटपट्टी घेऊन तो ट्रेम्बाथच्या दुकानात गेला. एक पेस्टी विकत घेतली, काउंटरवर काटा मांडला आणि पेस्टी त्यावर ठेवली. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या.

"हे काय चाललंय?" जॅगो ट्रेम्बाथने विचारलं. हाताला मैदा, कपाळावर आठी.

"मोजमाप."

"पेस्टी आहे ती. बाळंत झालीय का कुणी, वजन घ्यायला?"

"जॅगो, हे शास्त्रशुद्ध आहे. यात तुझाच फायदा आहे. या पद्धतीत प्रत्येकाला त्याच्या सोयीने मोजतात."

"माझी सोय ऐक मग. तो काटा उचल आणि दुकानाबाहेर हो."

रोलंडने तापमापक खुपसलेली पेस्टी तशीच उचलून बाहेर आणली आणि आकडा टिपला. अपमान झाला तरी आकडा चुकू देता कामा नये, हे त्याला खात्याने शिकवलं होतं.

संध्याकाळी मर्व्ह कुंपणावर चहाचा कप ठेवून वाट बघत होता. मर्व्ह गाजरवाला. त्याची आई गाजर घालायची. गाजर न घालणाऱ्या धाकट्या भावाशी तो लग्नाआधीपासून बोलत नाही.

"गाजराचा रकाना ठेवलायस का तुझ्या तक्त्यात?"

"गाजर हा निकष नाही मर्व्ह, ती आवड आहे."

"मग तुझी आवड काय? घालावं की घालू नये?"

"माझ्याकडे पुरेशी माहिती नाही."

"अकरा वर्षं खातोयस."

"खाणं म्हणजे माहिती गोळा करणं नव्हे," रोलंड म्हणाला.

मर्व्हने आजारी माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि गुलाबांचा विषय काढला.

चवीचे आकडे घ्यायला रोलंडने क्लबमध्ये चाखण्याची सभा ठरवली. पाचही ठिकाणच्या पेस्ट्या आणून, तापमान आपल्या नजरेखाली राहावं म्हणून त्याने त्या घरच्याच ओव्हनमध्ये गरम केल्या आणि चार घरं पलीकडच्या क्लबमध्ये नेऊन सभासदांना फुकट वाढल्या. सगळ्यांनी चाटून पुसून खाल्ल्या, एकाही माणसाने तक्रार केली नाही. उरलेल्या रोलंडने जाता जाता नगरपालिकेच्या कचेरीत दिल्या, आणि इथे त्याचा सज्जनपणा त्याला नडला. खाऊन झाल्यावर तिथल्या अन्न-निरीक्षक टॅमसिनबाईंनी रुमालाने ओठ टिपत विचारलं, "छान होत्या. गरम कुठे केल्यात?"

"घरी."

"आणि लोकांना दिल्यात?"

"चव बघायला फक्त."

"पैसे घेतलेत?"

"छे, एक सेंटही नाही."

"मग हा धर्मादाय अन्नव्यवसाय झाला," टॅमसिनबाई म्हणाल्या. "त्याचा अर्ज वेगळा असतो. जरा लांब आहे."

अर्ज खरोखर लांब होता. रोलंडला त्याची रचना आवडली. पण शेवटच्या पानावर म्हटलं होतं की अन्नव्यवसायाच्या स्वयंपाकघरात हात धुवायला वेगळं बेसिन हवं, नाहीतर दंड. तो घरी आला आणि हेझलला अगदी सहज सुरात म्हणाला की उद्या नळवाला येणार आहे.

"माझ्या स्वयंपाकघरात दुसरं बेसिन?" हेझल म्हणाली. "एका बेसिनवर मी तीन पोरं वाढवली, तुझ्या आईची पथ्यं केली. आणि तुला दुसऱ्यांच्या पेस्ट्या गरम करायला वेगळं बेसिन पाहिजे?"

"कायदा आहे, हेझल."

"मग कायद्यालाच सांग रात्रीचं जेवण करायला."

बेसिन बसलं. त्यासाठी तिचं मसाल्यांचं कपाट काढावं लागलं आणि ते सध्या न्हाणीघरात होतं. सही-शिक्क्याचा कागद आला: रोलंड विटकॉम, नोंदणीकृत अन्नव्यवसाय. रोलंडने तो लपवला नाही, पण कुणाला दाखवलाही नाही.

मग त्याने सगळे आकडे संगणकात भरले आणि निकाल काढला. पुढच्या सभेत भिंतीवर पडदा लावून, दिवे घालवून तो जाहीर केला. ट्रेम्बाथ शंभर टक्के कार्यक्षम. लिएनबाई शंभर टक्के. चर्चचं महिला मंडळ शंभर टक्के. शहरातला कारखाना शंभर टक्के. पेट्रोलपंप शंभर टक्के.

कुणीतरी दिवे लावले.

"पेट्रोलपंप?" ऑलिव्हबाई म्हणाल्या. त्या मंडळाच्या होत्या तशा क्लबच्याही होत्या. "त्या पेटीतली पेस्टी आणि आमची पेस्टी सारखीच?"

"सारखी नाही. दोन्ही आपापल्या परीने परिपूर्ण आहेत. पेट्रोलपंप दिवसभर उघडा असतो. त्या बाबतीत त्याच्या जवळपास कुणी फिरकत नाही."

"पेस्टीच्याही जवळपास कुणी फिरकत नाही," मर्व्ह म्हणाला.

"रोलंड," रॉडाबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी देणारा एक मास्तर माझ्या शाळेत होता. मी त्याला घरी पाठवलं."

रोलंडचे कान लाल झाले. त्याने खुलासा केला की चूक पद्धतीची नाही. पुरवठादार थोडे आणि निकष फार झाले की असं होतं, ज्याला त्याला लपायला आपापला कोपरा सापडतो. तेव्हा निकष कमी करू या. समितीला हे पटलं आणि समितीने निकष कमी करायला घेतले. पण प्रत्येकाला दुसऱ्याचा निकष काढायचा होता आणि स्वतःचा घालायचा होता. सभा संपली तेव्हा आणखी निकष वाढले होते. त्यात पेस्टी खाताना शर्टावर सांडते का, पुरवठादाराचे वडील क्लबचे सभासद होते का, आणि मर्व्हच्या आग्रहास्तव गाजर, हेही होते.

आता उरला एकच उपाय, पुरवठादार वाढवायचे. रोलंडने तिथेच ठराव मांडला. नगरपालिकेकडे नोंद असलेला एकही अन्नव्यवसाय वगळायचा नाही, निकाल समितीवर बंधनकारक राहील, आणि कामात स्थैर्य यावं म्हणून करार तीन वर्षांचा असेल. सगळ्यांना घरी जायचं होतं. ठराव एकमताने मंजूर झाला.

तक्त्यात मग मासे तळणारा आला, शाळेचं उपाहारगृह आलं, वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर आलं. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून खुद्द रोलंड विटकॉम आला. त्याची कामगिरीही नोंदलेली होतीच: चाखण्याच्या सभेतल्या पेस्ट्या. भाव शून्य. उशीर शून्य. तक्रारी शून्य. गरम, घरपोच, अंतर चार घरं. भावाच्या शून्यावर संगणक अडून बसला, तेव्हा बाडात सांगितल्याप्रमाणे त्याने शून्याच्या जागी एक सेंट घातला. संगणक निवांत झाला आणि त्याने निकाल दिला. रोलंड विटकॉम, शंभर टक्के. एका सेंटाच्या भावापुढे लपायला कुणाला कोपराच उरला नव्हता, बाकीचे सगळे धाडधाड खाली आले होते. लिएनबाई तेहतीस. पेट्रोलपंप बत्तीस. ट्रेम्बाथ एकतीस. महिला मंडळ सव्वीस.

रोलंड पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. हेझल मागे येऊन उभी राहिली.

"स्वतःचं नाव पुसून टाक," ती म्हणाली. "सोपं आहे. ते बटण दाब."

"आकडे आल्यावर पुसायचे नसतात."

"तू पेस्टी करत नाहीस, रोलंड. तुला अंडं उकडता येत नाही."

"मी संदर्भापुरता आहे. समितीला कळेल ते."

हे कारण खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खरं एवढंच की जन्मभर समाधानकारक राहिलेल्या माणसाच्या नावापुढे पहिल्यांदाच शंभर टक्के आलं होतं, आणि ते बटण दाबायला त्याचं बोट धजत नव्हतं.

त्यातच खात्याची आणखी एक सवय आडवी आली. निकाल लागला की तो प्रत्येक पुरवठादाराला लेखी कळवायचा. रोलंडने त्याच दुपारी सगळ्यांना पत्रं टाकली. आपली कार्यक्षमता एकतीस टक्के असल्याचे कळविण्यात येते, सुधारणेस वाव आहे, आपला विश्वासू. एक पत्र त्याने स्वतःलाही टाकलं. ते सगळ्यांत शेवटी पोचलं, तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ट्रेम्बाथने पत्र दुकानाच्या काचेला चिकटवलं आणि खाली पाटी लावली: विटकॉम यांना पाव मिळणार नाही. पेट्रोलपंपाच्या खालचा नंबर आल्याचं दुःख त्याला जास्त झालं होतं. लिएनबाईंनी फार सभ्य उत्तर पाठवलं. पुढे सुधारण्याचा जरूर प्रयत्न करू, क्लबला पेस्ट्या मात्र कधीच देणार नाही. ऑलिव्हबाईंनी रविवारी चर्चमध्ये रोलंडसाठी नाव घेऊन प्रार्थना केली, त्यामुळे हेझलने चर्चला जाणं बंद केलं. शहरातल्या कारखान्याने वकिलाचा पत्ता विचारला. पेट्रोलपंपवाला तेवढा खूश होता. ट्रेम्बाथच्या वरचा नंबर त्याच्या बापजन्मी कुणाला मिळाला नव्हता. तो देतो म्हणाला, पण त्याच्या काचपेटीत एका वेळी बारा पेस्ट्या मावत, आणि गावाने मागणी नोंदवली होती साडेचारशेंची.

तातडीची सभा भरली. रोलंड उभा राहिला. या वेळी त्याच्या हातात बाड नव्हतं.

"मी ट्रेम्बाथकडे जाऊन माफी मागतो," तो म्हणाला. "निकाल रद्द करू या."

"निकाल बंधनकारक आहे," रॉडाबाई म्हणाल्या. "तुझाच ठराव. मी बाजूने मत दिलं होतं."

"पण बाई, त्या निकालात मी आहे."

"शंभर टक्के आहेस. आणि वर तुझ्याकडे दोन बेसिनं आहेत."

"मला पेस्टी येत नाही."

"हा निकष तक्त्यात नव्हता," रॉडाबाई म्हणाल्या. "आमचा तुझ्या पद्धतीवर विश्वास आहे, रोलंड. कडी बसवली का रे कुणी?"

रोलंड घरी चालत आला. चार घरांचं अंतर, पण त्या दिवशी त्याला ते फार लांब वाटलं. हे जमलं नाही तर हिरवळीला पाणी नाही, आणि आपण जन्मभर या गावात पेस्टी-मोहीम बुडवणारा शहरी माणूस म्हणून राहणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. फलकावरची रिकामी जागा रिकामीच राहणार. हेझलला त्याचा चेहरा बघवला नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "कांदे तरी चिरता येतात का बघू."

शुक्रवारी सकाळी क्लबच्या मोठ्या स्वयंपाकघरात दोघांनी कामाला सुरुवात केली. साऱ्या मोहिमेला मिळून जेवढं मीठ लागेल तेवढं रोलंडने एकाच घमेल्यात घातलं. त्याची पोळी मधे जाड आणि कडेला पारदर्शक व्हायची. मुरड घालायला गेलं की पेस्टी तोंड उघडायची आणि आतला बटाटा बाहेर डोकवायचा. पहिल्या ट्रेमधल्या पेस्ट्या भिजलेल्या बुटांसारख्या दिसत होत्या. बातमी गावभर झाली होती. लोक खुर्च्या घेऊन आले आणि खिडकीबाहेर बसले. कुणीतरी थर्मासही आणला होता.

ट्रेम्बाथ हाताची घडी घालून खिडकीशी उभा होता. विटकॉमची फजिती बघायला तो मुद्दाम दुकान बंद करून आला होता. त्याने एक पेस्टी बघितली, दोन बघितल्या. तिसऱ्या पेस्टीला त्याचा हात आपोआप हवेत हलला.

"अंगठा," तो म्हणाला. "अरे, अंगठा खाली धर."

रोलंडने अंगठा खाली धरला. पेस्टी दुसऱ्या बाजूने उघडली.

"मुरडतोय कुठे, चुरगळतोय तो," ट्रेम्बाथ लोकांना म्हणाला. पुढच्या पेस्टीला त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या पुढच्या पेस्टीला तो आत होता. "सरक. सरक म्हणतो ना. मैद्याचा असा छळ मी माझ्या दुष्मनाच्या दुकानातही बघितलेला नाही."

ट्रेम्बाथ आत गेलेला ऑलिव्हबाईंना दिसला. त्याच्या हातची मुरड गावभर जाणार आणि महिला मंडळाची नाही, हे त्यांच्याने बघवलं नाही. त्यांनी पाच बायकांना फोन केला. आत येऊन त्यांनी सारण चाखलं, थुंकलं, अख्खं घमेलं ओतून दिलं आणि नवं सारण करायला घेतलं. दुपारी लिएनबाईंची गाडी आली. त्यांनी मागचं दार उघडून बेकरीचे मोठे ट्रे उतरवले.

"तेहतीस टक्के आले आहेत," त्या रोलंडला म्हणाल्या. "कुठे ठेवू?"

क्लबचा ओव्हन पुरेना, तेव्हा ट्रेम्बाथने आपली भट्टी पेटवली. गाजरावरून व्हायचं ते भांडण झालंच. शेवटी हॉलच्या दोन टोकांना दोन टेबलं लागली. एका टेबलाशी मर्व्ह गाजर किसत होता, दुसऱ्याशी त्याचा धाकटा भाऊ कांदा चिरत होता, आणि मधे रोलंड ट्रे वाहत होता. त्याला कुणी "तुला काय त्याचं" म्हणत नव्हतं. "अरे विटकॉम, इकडे मर," असंच सगळे म्हणत होते.

संध्याकाळी ट्रेम्बाथच्या भट्टीशी दोघेच होते. रोलंडने गरम पेस्टीचा तुकडा तोंडात टाकला आणि बोटांना लागलेले कण चाटले.

"जॅगो, तुझी पेस्टी मला आवडते," तो मग म्हणाला. "इथे आलो त्या पहिल्या दिवसापासून. त्या तुझ्या दुकानाच्या वासानेच आम्ही इथे घर घेतलं."

"मग ते लिहायचं होतंस."

"त्याला रकाना नव्हता."

ट्रेम्बाथने भट्टीत फळी सारली आणि मागे न वळता म्हणाला, "उद्यापासून पाव न्यायला ये."

शनिवारी साडेचारशे पेस्ट्या घरपोच गेल्या, गाजरवाल्यांना गाजराच्या आणि बाकीच्यांना बिनगाजराच्या. ट्रेम्बाथने मैद्याचे पैसे घेतले नाहीत, कारण ऑलिव्हबाईंनी मांसाचे घेतले नव्हते. ऑलिव्हबाईंनी ते घेतले नव्हते, कारण लिएनबाई काही घेणार नाहीत असं त्यांना कळलं होतं. म्हणजे रोलंड विटकॉम या पुरवठादाराने याही खेपेला भाव शून्य, उशीर शून्य, तक्रारी शून्य अशीच कामगिरी केली. संगणकाला विचारायची गरज नव्हती.

महिनाभराने रॉडाबाईंनी त्याला फलकासमोर बोलावलं. रंगारी नुकताच शिडीवरून उतरला होता. खालच्या रिकाम्या जागेत सोनेरी अक्षरांत ओळ होती: पेस्टी पुरवठादार, आर. विटकॉम. तिच्याखाली तीच ओळ आणखी दोनदा होती, पुढच्या दोन वर्षांची.

"करार तीन वर्षांचा," रॉडाबाई म्हणाल्या. "रंगाऱ्याला एकदाच बोलावलं की स्वस्त पडतं."

रोलंडला हसावं की रडावं ते कळेना. अकरा वर्षं ज्या जागेकडे बघत आला होता ती अशी भरलेली बघून त्याचे डोळे मात्र भरून आले. त्याने ग्लास खाली ठेवला आणि तो घरी आला.

कुंपणावर मर्व्हचा चहाचा कप होता आणि कपामागे मर्व्ह होता.

"बघितला फलक," मर्व्ह म्हणाला. "म्हणजे पुढच्या वर्षीही तूच. दोन टेबलांचा खेळ काही दरवर्षी जमायचा नाही. सगळ्यांत गाजर घालून टाक."

रोलंडच्या तोंडात अजून त्या भट्टीशेजारच्या, बिनगाजराच्या तुकड्याची चव होती. कुठलाही आकडा त्याच्या मनात आला नाही.

"नाही घालणार," तो म्हणाला. "गाजराने गोडूस होते."

मर्व्हचा हात कपाशी थांबला. "माझी आई घालायची."

"घालत असेल. गोडूसच होत असणार."

मर्व्हने कप उचलला, रोलंडच्या गुलाबांकडे न बघता पाठ वळवली, घरात गेला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कुंपणाकडची खिडकीही लागली.

रोलंड आत आला. हेझल दुसऱ्या बेसिनवर हात धूत होती.

"काय झालं?" तिने विचारलं. "असा काय चेहरा?"

"मर्व्हने माझ्याशी बोलणं टाकलं. गाजरावरून."

"खरंच?"

"खरंच. दार लावून घेतलं त्याने. खिडकीसुद्धा."

हेझलने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग हात पुसले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेले चांगले कप कपाटातून काढून चहा टाकला.